पूररेषेच्या आत शिक्का कुणाचा?

दर वर्षी ऑगस्ट आला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. टीव्हीवरच्या चर्चेत, बसमध्ये, अगदी आमच्या भिशीतसुद्धा. ‘आधी नदीत घरं बांधायची आणि मग पाणी शिरलं की सरकारच्या नावानं रडायचं!’ म्हणणारी बाई बहुधा तिसऱ्या मजल्यावर राहणारी असते, हा भाग सोडा. पण वाक्य ऐकायला पटतं. बाकीच्या मान डोलावतात आणि विषय पोह्यांवर येतो.

मला मात्र दर वेळी एक साधा प्रश्न पडतो. नदीत घर बांधायला परवानगी कुणी दिली?

मी सांगलीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. तिथं धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर. दोन्ही वेळेला पाणी ओसरल्यावर आम्ही मंडळाच्या बायका वस्त्यांमधून पंचनाम्याचे अर्ज भरून द्यायला बसत होतो. अर्जासाठी कागद मागितले की प्रत्येक बाई आतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून आणायची. घरातलं धान्य गेलं, गाद्या गेल्या, मुलांची पुस्तकं चिखलात गेली, पण ती पिशवी तिनं डोक्यावर धरून बाहेर काढलेली. त्यात काय नसायचं! खरेदीखत, मुद्रांक शुल्क भरल्याची पावती, कुणाकडे बांधकामाचा परवाना, घरपट्टीच्या वर्षानुवर्षांच्या पावत्या, नळाची पावती, विजेचं बिल, बँकेचं कर्जाचं पत्र. प्रत्येक कागदावर कुणा ना कुणाचा गोल शिक्का.

फक्त एक कागद मला कुणाच्याच पिशवीत दिसला नाही. ‘बाई, ही जागा पूररेषेच्या आत आहे’ असं सांगणारा.

ही पूररेषा म्हणजे काही कालपरवा निघालेली गोष्ट नाही. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याचं त्याबद्दलचं परिपत्रक १९८९ चं आहे. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर जातो ती लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामधली जागा निषिद्ध. तिथं बाग करा, मैदान करा, शेती करा, घर नको. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधकामाला परवानगी, पण अटी घालून.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हे शब्द फसवे आहेत बरं का. ऐकणाऱ्याला वाटतं, २००५ ला येऊन गेला, आता २०३० पर्यंत निवांत! तसं नसतं. त्याचा अर्थ एवढाच, की कुठल्याही एका वर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात चार. आता हाच हिशोब आपल्या घरच्या भाषेत मांडू. वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलं, तर ते फिटायच्या आत निदान एकदा तसा पूर घरात येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, जवळपास छप्पन्न टक्के भरते. हप्ता किती बसेल हे बँक पैशापर्यंत सांगते. हे छप्पन्न टक्के कोण सांगतं? आणि सांगलीनं तर २००५, २०१९ आणि २०२१ असे सोळा वर्षांत तीन महापूर पाहिले. नदी काही गणित शिकून येत नाही.

म्हणजे रेषा कुणाला ठाऊक होती? पाटबंधारे खात्याला. नगररचना खात्याला, कारण नकाशे त्यांच्याकडे. परवाना देणाऱ्या कचेरीला ठाऊक असायलाच हवी होती. सर्वसाधारणपणे सातबाऱ्यावर तिची नोंद नसते, खरेदीखतात ती येत नाही, दस्त नोंदवताना कुणी विचारत नाही. ज्यांनी माहिती ठेवायची त्यांनी ती कपाटात ठेवली, आणि जिचं आयुष्य त्यावर अवलंबून होतं तिला ती पाण्याकडून कळली.

गुंठेवारीची गोष्ट तर आमच्याकडच्या बायकांना सांगायलाच नको. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडायचे, साध्या स्टँपपेपरवर विकायचे, आणि हातावर पोट असलेल्यानं आयुष्यभराची कमाई घालून तिथं दोन खोल्या उभ्या करायच्या. गावातली चांगली, उंचावरची जागा परवडत नाही, म्हणून माणूस ओढ्याकाठी आणि सखल रानात उतरतो. हौस म्हणून नव्हे! सरकारनं २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा आणला, तो १ जानेवारी २००१ पर्यंतच्या गुंठेवारीसाठी. पुढं २०२१ मध्ये दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर नेली. गरिबाच्या डोक्यावरची टांगती तलवार काढली, हे चांगलंच झालं. पण कागद नियमित झाला म्हणून जमीन उंच होते का? शुल्क भरून घेताना ‘इथं पाणी येतं, त्याचं काय करायचं’ हा प्रश्न अर्जाच्या पहिल्या ओळीत असायला हवा होता.

यावर कचेरीतलं ठरलेलं उत्तर असतं, ‘घरपट्टी घेतली म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असं नाही.’ कायद्यानं ते बरोबरच आहे. पण मग माझा बाळबोध प्रश्न असा, की बेकायदा आहे हे माहीत असून वीस वर्षं पैसे घेणारा आणि एकदाही ‘ऊठ’ न म्हणणारा कोण? आपल्याकडे म्हण आहे, कुंपणच शेत खातं.

कायद्यात यावर काहीच नाही असं समजू नका. मी वकील नाही, साधी बी. ए. झालेली गृहिणी आहे. पण मंडळाच्या कामामुळे थोडंफार वाचावं लागतं आणि वाचलं की धीर येतो. मध्य प्रदेशातल्या रतलाम गावी उघड्या गटारांनी हैराण झालेले रहिवासी नगरपालिकेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पालिका म्हणाली, आमच्याकडे पैसे नाहीत. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठानं ठणकावलं, की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. कायद्यानं सोपवलेलं काम पालिकेला करावंच लागेल. पुढं १९९६ मध्ये हिमाचलातल्या बियास नदीकाठच्या एका मोटेलच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलं, की नदी, किनारा, जंगल ही सरकारच्या मालकीची मालमत्ता नव्हे. सरकार लोकांच्या वतीनं त्यांचं विश्वस्त आहे. विश्वस्त हा शब्द किती नेमका आहे पाहा. ठेव सांभाळायला दिली आणि सांभाळणाऱ्यानंच ती वाटून टाकली, तर आपण त्याला काय म्हणतो?

तिसरं उदाहरण केरळमधल्या मरडूचं. प्रकरण पुराचं नाही, किनारपट्टीच्या नियमांचं आहे, पण आपल्या प्रश्नाला अगदी लागू पडतं. नियम मोडून बांधलेल्या चार निवासी संकुलांची परवानगी स्थानिक संस्थेनंच दिली होती. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पाडायला लावली आणि जानेवारी २०२० मध्ये ती पाडलीही गेली. पण त्याआधी न्यायालयानं सांगितलं, की प्रत्येक फ्लॅटधारकाला राज्य सरकारनं अंतरिम भरपाई म्हणून पंचवीस लाख रुपये द्यावेत, आणि नंतर ते बिल्डर आणि जबाबदार व्यक्तींकडून वसूल करावेत. म्हणजे आधी घर गेलेल्याच्या हातात पैसे, मग दोषी कोण याचा शोध. आपल्याकडे नेमकं उलट! आधी घरवालीलाच दोषी ठरवायचं आणि मग काही हजारांचं सानुग्रह अनुदान द्यायचं. सानुग्रह म्हणजे कृपा म्हणून दिलेलं. हक्क म्हणून नव्हे.

परदेशातलीही एक गोष्ट सांगते. फ्रान्सच्या किनाऱ्यावर ला फोत-सूर-मेर नावाचं छोटं गाव आहे. २०१० च्या फेब्रुवारीत रात्री वादळ आलं, समुद्राचं पाणी बंधाऱ्यावरून सखल वस्तीत शिरलं आणि एकोणतीस माणसं गेली. त्या सखल जागेत घरांना परवानग्या दिल्या आणि धोका माहीत असून लोकांना सांगितला नाही, म्हणून तिथल्या महापौरांवर खटला चालला. २०१४ मध्ये त्यांना चार वर्षांची कैद झाली. २०१६ मध्ये अपिलात ती कमी होऊन दोन वर्षांची स्थगित शिक्षा राहिली, पण दोष कायम राहिला. शिवाय तिथल्या सरकारनं धोक्याच्या पट्ट्यातली घरं वादळाआधीच्या किमतीनं विकत घेतली आणि पाडून टाकली. सूड म्हणून मी हे सांगत नाही. सही करणाऱ्याचा हात क्षणभर थबकावा, एवढंच माझं म्हणणं.

आपल्याकडे तो थबकत नाही, कारण बहुतेक कायद्यांच्या शेवटी एक पांघरूण असतं, ‘सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल’ दावा चालणार नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातही आहे. प्रामाणिक माणसाला संरक्षण हवंच. नाहीतर पुरात बोट काढायलाही कुणी धजणार नाही. पण समोर रेषा आखलेला नकाशा असताना आतल्या भूखंडाचा आराखडा मंजूर करणं, याला सद्हेतू कसं म्हणायचं?

आता दुसरी बाजूही ऐकायला हवी. २०२१ च्या पुरानंतर चिपळूणमध्ये निळ्या-लाल रेषांना लोकांनीच विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं, की या रेषांनी जुनं, भरलं गावच अडकतं. दुरुस्ती नाही, बांधकाम नाही, घराला किंमत नाही. त्यांचं चुकीचं नाही. रेषा ओढली आणि सरकार मोकळं झालं, असं होणार असेल तर ती रेषा म्हणजे नुसती शिक्षा. म्हणूनच जबाबदारी म्हणजे केवळ ‘नाही’ म्हणणं नव्हे. जुन्या वस्तीला गाव सोडावं लागणार असेल तर आधी पर्यायी जागा, तीही मुलांच्या शाळेपासून आणि बायकांच्या धुण्याभांड्याच्या कामापासून कोसभर लांब नको. राहणार असतील तर उंच निवारा, वेळेवर सूचना आणि पुराचा विमा. आणि नवा परवाना मात्र एकही नको.

नव्या परवान्यांचीही एक गंमत आहे. २०२० च्या एकात्मिक बांधकाम नियमावलीनुसार दोन रेषांच्या मधे घर बांधायचं, तर जोतं लाल रेषेच्या पातळीहून साधारण एक हात, म्हणजे ०.४५ मीटर, वर हवं. नव्या इमारतीचं जोतं वर जातं, त्यासाठी प्लॉटवर भराव पडतो, आणि तिथलं पाणी शेजारच्या जुन्या बैठ्या घरात उतरतं. वरची माणसं कोरडी राहतात खरी, पण चारी बाजूंनी पाणी, वीज नाही, बाळंतीण दवाखान्यात न्यायची कशी? नियमात जोत्याची उंची आहे, जिना उतरल्यावर काय, हे नाही.

केंद्रानं पूरक्षेत्रातल्या बांधकामांसाठी नमुना कायदा राज्यांना पाठवला तो १९७५ मध्ये. मणिपूरनं १९७८ ला, राजस्थाननं १९९० ला, उत्तराखंडनं २०१२ ला तसा कायदा केला. महाराष्ट्र परिपत्रकं आणि नियमावल्यांवर भागवत आला. परिपत्रक मोडलं तर कुणाला काय होतं? फार तर दुसरं परिपत्रक निघतं.

माझ्या मते त्या कायद्यात तीन गोष्टी तरी हव्यात. पूररेषेची नोंद सातबाऱ्यावर, मिळकत पत्रिकेवर आणि खरेदीखतावर सक्तीची. रेषेच्या आत परवाना दिला, तर देणाऱ्याचं नाव आणि हुद्दा त्याच कागदावर, आणि पाणी आलं तर भरपाईची पहिली जबाबदारी परवाना देणाऱ्या संस्थेची. आणि भरपाई हक्क म्हणून, मेहेरबानी म्हणून नव्हे.

मैत्रिणींनो, हे सगळं आपल्याशी आणखी एका कारणानं जोडलेलं आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. घर बाईच्या नावावर होणं ही मोठी गोष्ट आहे, त्यासाठी आपण किती वर्षं भांडलो! पण नावावर घर आलं म्हणजे कर्ज आलं, आणि पूर आला तर बुडालेली मिळकतही तिच्याच नावावर. तेव्हा सही करण्याआधी नगररचना कार्यालयात जाऊन लेखी विचारा, ‘हा गट क्रमांक निळ्या रेषेत आहे, लाल रेषेत आहे, की बाहेर?’ तोंडी उत्तर घेऊ नका. माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. मंडळातल्या दहा जणींनी एकाच दिवशी दहा अर्ज दिले तर आणखी बरं. उत्तर आलं की ती पावती जपून ठेवा, त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत.