गिटारच्या मॉडेलरवर बेस रेकॉर्ड होतो का?

घरात गिटारचा अ‍ॅम्प मॉडेलर आहे आणि आता बेसही हाती आला आहे. मग बेससाठी वेगळं यंत्र घ्यायचं का? दुकानात उत्तर 'हो' मिळेल. खरं तर बहुतेकांना त्याची गरज नाही.

बेसची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, गिटारची ८२ वर. मॉडेलरमधलं 'कॅबिनेट' ही गिटारच्या स्पीकरची नक्कल असते आणि हे स्पीकर इतके खालचे सूर फारसे देतच नाहीत. बेस पोकळ वाटतो आणि खापर यंत्रावर फुटतं. कॅबिनेट बंद करा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. अ‍ॅम्पचं म्हणाल, तर गिटारवाल्यांचा लाडका फेंडर बेसमन मुळात बेससाठीच बनला होता!

मात्र अ‍ॅम्पविना कोरा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्याच. मोटाउनच्या जेम्स जेमर्सन यांचा बेस थेट कन्सोलमध्येच रेकॉर्ड व्हायचा. खालचा भार या ट्रॅकवर ठेवा आणि वरून मॉडेलरचा थोडा ड्राइव्ह मिसळा. दोन्ही एकत्र वाजवल्यावर आवाज उलट बारीक झाला, तर ट्रॅक पुढेमागे झालेत. एक किंचित सरकवावा लागेल.

ड्राइव्ह ही चैन नाही. मोबाइलचा छोटा स्पीकर ४१ हर्ट्झ ऐकवूच शकत नाही. ड्राइव्हमुळे उमटणाऱ्या वरच्या सुरांवरून कान खालचा सूर भरून काढतो. तुमचं गाणं आधी कुणाच्या तरी फोनवरच वाजणार आहे, तेव्हा मिक्स तिथे ऐकल्याशिवाय पक्कं करू नका.