मोर्तब आणि पासवर्ड

सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारे ७०० मीटर उंचीवर वसलेल्या आंबोलीसारख्या गावी, जेथे मृग लागला की वीज आणि इंटरनेट या दोहोंचाही भरवसा उरत नाही, पण दाखल्यासाठी भिजत आलेल्या माणसास रिकाम्या हाती परत धाडणे कारकुनाच्या जिवावर येते, तेथे कचेरीतील संगणकाच्या प्रवेशबंदीचा विचार निव्वळ यंत्राचा विचार म्हणून करून भागत नाही.

ही बंदी चुकविणे फारसे अवघड नाही. केबल काढून ठेवली की मध्यवर्ती सर्व्हरची चौकशी थांबते. आणि विंडोज प्रणाली, वेगळी तजवीज केली नसल्यास, शेवटच्या १० खातेदारांची ओळख स्वतःपाशी जपून ठेवीत असल्यामुळे, ज्याचे खाते सकाळी बंद झाले तोही दुपारी सुखेनैव आत शिरतो. पेनड्राइव्हवरून परकी प्रणाली चालविणे ही दुसरी युक्ती. परंतु सर्वांत रुळलेली वाट म्हणजे सहकाऱ्याने विश्वासाने सांगितलेला पासवर्ड. तो लबाडीने वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, याची जाणीव किती कचेऱ्यांत आहे?

आंबोली, चौकुळ व गेळे येथील कबुलायतदार-गावकर जमिनींचा प्रश्न ज्यांनी पाहिला आहे, त्यांस सरकारदप्तरातील एका नोंदीचे मोल निराळे सांगावयास नको. जुने दप्तरदार पत्राच्या अखेरीस मोर्तब करीत, ते त्यापुढे कोणास अक्षरही घुसडता येऊ नये म्हणून. आज ती मर्यादा पासवर्डाने राखावयाची आहे.

यावर जपलेल्या ओळखींची संख्या सरसकट शून्य करावी, असे तज्ज्ञ सुचवितात. शहरात ते योग्यच. परंतु आषाढातल्या आंबोलीत त्याचा अर्थ कचेरीस टाळे, आणि टाळे लागलेल्या कचेरीत प्रामाणिक माणूसच आडवाटा शोधू लागला, म्हणजे लबाड माणूस निराळा ओळखू येत नाही. म्हणून जोडणी नसताना कोणी, किती वेळ व कोणते काम करावे, हे जिल्हा प्रशासनाने पावसाळ्यापूर्वीच नावानिशी ठरवून द्यावे. त्या कामाची नोंदवही ठेवून जोडणी येताच वरिष्ठांनी ती तपासावी. आणि बदली झालेल्याची ओळख त्याच दिवशी यंत्रातून पुसावी. एवढी सोय केल्यावर मात्र बायोसला पासवर्ड, कूटबद्ध डिस्क व स्थानिक खात्यांस मज्जाव, यांत तिळमात्र सवलत असू नये.