दृष्टांत द्यावा, त्याची सीमाही सांगावी

धातुपोषणाचा विषय निघाला की आपण क्षीरदधी, केदारीकुल्या आणि खलेकपोत हे तीन न्याय सांगतो. आमच्या पिढीला ते उलगडून सांगावे लागले नाहीत. बदलापूर-अंबरनाथकडच्या भातखाचरांत वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरणारे पाणी आम्ही पाहिले होते. आज उल्हासनगर कॅम्प ४ मधील माझ्या चिकित्सालयात अनुभवासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांनी पाणी पाहिलेले असते ते नळाला वा टँकरमध्ये. ‘केदारीकुल्या’ हा शब्द त्यांना मुखोद्गत असतो. परंतु ज्या दृश्याने सिद्धांत कळावा, ते दृश्यच आधी समजावावे लागते.

यावर उपाय म्हणून काही अध्यापक नळयोजनेचा दृष्टांत देतात. बारवी धरणाचे पाणी मुख्य जलवाहिनीने येते व शाखांनी गल्लोगल्ली जाते. दृष्टांत सुबोध आहे. मात्र खाचरात पहिले तृप्त झाल्यावर दुसऱ्यास पाणी मिळते. जलवाहिनीत प्रत्येक शाखेचा मार्ग स्वतंत्र असतो. म्हणजे हा दृष्टांत खलेकपोताकडे झुकतो. दृष्टांत बदलला की नकळत सिद्धांतही बदलतो, हे विद्यार्थ्यास सांगितलेच पाहिजे.

आपल्या परंपरेत ही दक्षता होती. अकराव्या शतकातील चरकटीकाकार चक्रपाणिदत्तांनी क्षीरदधिन्यायावरील आक्षेप मांडला आहे. दुधाचे संपूर्ण दही होते, तसा रस संपूर्णपणे रक्तात परिणत होत असेल, तर तीन-चार दिवसांच्या उपवासाने देह नीरस होऊन मृत्यू ओढवेल, आणि महिनाभराच्या उपवासाने देह केवळ शुक्रमय होईल! दृष्टांत शेवटपर्यंत ताणून तो कोठे तुटतो हे पाहणे, हेच शास्त्राध्ययन होय. आपण मात्र न्यायांची नावे पाठ करून घेतो आणि परीक्षेत तीच विचारतो.

ही उणीव वर्गातच राहत नाही. काही वर्षांपूर्वी एका वृक्करुग्णास मी सहज म्हणालो, “वृक्क म्हणजे गाळणी, ती तुंबली आहे.” पाणी मोजून पिण्याचा सल्ला त्यांना वृक्कतज्ज्ञांनी दिलेला होता. परंतु गाळणी तुंबली की आपण तीवर पाणी ओततो! घरी जाऊन त्यांनी तेच केले. चौथ्या दिवशी शोथ व श्वास वाढून त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने ते बरे होऊन परतले. दोष त्यांचा नव्हता. माझा दृष्टांत त्यांनी तर्कशुद्धपणे पुढे नेला होता. पाणी ओतून वृक्क धुतला जात नाही, जे बाहेर पडत नाही ते शरीरातच साठते, हे पुढचे वाक्य मी बोललो नव्हतो.

औषधी दुकानदार बंधूंनाही हे लागू आहे. ‘विस्तवावर लोणी वितळते तशी गुग्गुळाने चरबी वितळते’ असे ऐकणारा ग्राहक विस्तव वाढवण्यासाठी मात्रा दुप्पट करणारच.

म्हणून अध्यापक व व्यवसायबंधूंना विनंती एवढीच, की दृष्टांत श्रोत्याच्या पाहण्यातला द्यावा, साम्य नेमके कशात ते सांगावे आणि कशात नाही तेही सांगावे. मग त्याच्याकडून ते परत वदवून घ्यावे. यास दोन मिनिटे अधिक लागतील; माझ्या त्या रुग्णासाठी ती दोन मिनिटे मी दिली नव्हती.