काठी सरकारची, आधार कोणाचा?

वार्धक्याचा प्रश्न राजधानीत येतो तो बहुधा योजनेच्या रूपाने. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींवर गेली होती. त्यांच्यासाठी योजनांची वाण नाही. माता-पित्यांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. गरीब वृद्धांना काठी, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची देणारी २०१७ ची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीपुढच्या सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारतचे पाच लाखांपर्यंतचे कवच खुले झाले. या सर्वांत गृहीत मात्र एकच: वृद्ध म्हणजे एकटा लाभार्थी, फार तर मुलांवर अवलंबून असलेला पालक. शेजार या हिशेबात कोठेच नाही.

वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच अपंगत्वाची व्याख्या बदलली. ते केवळ शरीरात नसते; शरीर आणि भोवताल यांच्या संबंधातून ते ठरते. गुडघे दोघांचेही दुखतात. पण ज्याला सकाळी कोणी हाक मारणारे असते, तो चालत राहतो. दुसरा घरात बसतो, स्नायू दुबळे होतात, पडण्याची भीती वाढते आणि दुखण्याचे रूपांतर परावलंबनात होते. धडधाकट माणसेच अधिक मिसळतात, हेही खरे. कार्यकारण दोन्ही बाजूंनी चालते. पण म्हणून संबंधांचे मोल कमी होत नाही. रुग्णालयातील खर्चाचे कवच या घसरणीच्या अखेरीस उपयोगी पडते, आरंभी नव्हे.

केरळने वेगळा मार्ग चोखाळला. मलप्पुरममध्ये २००१ च्या सुमारास शेजाऱ्यांच्या स्वयंसेवी जाळ्यातून अंथरुणाला खिळलेल्यांची घरी शुश्रूषा सुरू झाली. २००८ मध्ये राज्याने त्यासाठी धोरण आखले आणि पंचायतींना त्यात सामावून घेतले. शेजारधर्माला तेथे प्रशिक्षित परिचारिकेची आणि औषधांची जोड मिळाली.

दिल्लीतील मराठी अधिकाऱ्याला हा विषय परका नाही. निवृत्तीनंतर ठरावीक मुदतीत सरकारी निवासस्थान सोडावे लागते. नियम म्हणून ते योग्यच. पण घराबरोबर कित्येक वर्षांचा शेजार, ओळखीचा दवाखाना, संध्याकाळचा बाकही सुटतो. द्वारका वा नोएडातील सदनिकेत शेजारी नवा, आणि पुण्याला परतावे तर तेथील वर्तुळ केव्हाच विखुरलेले. महाराष्ट्र मंडळे गणेशोत्सवाला माणसे जमवतात. उरलेल्या वर्षात जिना न उतरणाऱ्या सभासदाकडे कोण जाते, हा प्रश्न त्यांनीही स्वतःला विचारायला हवा.

अर्थात समाजाची स्तुती हा सरकारी काटकसरीचा सोयीस्कर बहाणा ठरू शकतो. शेजाराला जातीची कुंपणे असतात आणि शुश्रूषेचा भार बहुधा घरातल्या स्त्रीवरच पडतो. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी केंद्राचा मासिक वाटा २०० रुपयांवर वर्षानुवर्षे थांबला आहे. तो शेजाऱ्यांनी भरून काढावा, असे कोणी सुचवू नये. शासनाला नाती निर्माण करता येत नाहीत. पण चालण्याजोगे पदपथ, वस्तीतील बसण्याची जागा, घरी येणारी परिचारिका आणि स्वयंसेवकांना प्रशिक्षण एवढे नक्कीच देता येते. काठी वाटणाऱ्या सरकारने ती टेकीत कोठे जायचे, याचाही विचार करावा.