टेप कुठनं धरला होता?

बँकेत विहिरीच्या कर्जाचा अर्ज आला, की आम्ही टेप घेऊन शेतावर जात असू. शेजारच्या विहिरीपासून ठरलेलं अंतर भरलं, की शेरा मारायचा आणि फाईल वर पाठवायची. असंच नियमात बसवून मंजूर केलेल्या एका बोअरला चांगलं दोन इंच पाणी लागलं. आणि त्याच उन्हाळ्यात तिसऱ्या बांधावरच्या एका म्हाताऱ्याची विहीर आटली. मधल्या, जास्त जवळच्या विहिरीला काहीच झालं नाही. म्हातारा बँकेत आला. ‘साहेब, टेप कुठनं धरला होता?’ एवढंच त्यानं विचारलं.

उत्तर मला निवृत्तीनंतर, वाचनात सापडलं. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणाचा. हा खडक वाळूसारखा पाणी पीत नाही. पाणी असतं ते त्याच्या भेगांत, सांध्यांत, लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या फटींत आणि वरच्या मुरमात. भेगेचा हिशेब तर चक्रवाढ व्याजालाही लाजवणारा: फट दुप्पट रुंद झाली, बाकी सगळं तेच राहिलं, तर पाणी आठपट वाहतं. पण नुसती रुंदी पुरत नाही; भेग दुसऱ्या भेगेला जाऊन मिळावी लागते. एकटी पडलेली भेग उपसली, की खातं बंद. कुठं भेगेत चिकणमाती बसलेली असते, तर कुठं नंतर घुसून थिजलेल्या शिलारसाची भिंत आडवी येते. म्हणून जवळचा शेजारी सुटतो आणि लांबचा बुडतो.

खोल जावं तशा वरच्या भारानं फटी साधारणपणे आवळत जातात. तरी पाणी लागलं नाही, की आपल्याकडे सल्ला एकच: ‘अजून शंभर फूट घाला.’ बोअर कोरडं गेलं, तरी रिगवाल्याचे पैसे आणि बँकेचा हप्ता चुकत नाही.

१९९३ च्या कायद्यानं सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरचं अंतर घातलं, २००९ च्या कायद्यानं ६० मीटरची खोली. नियमाला आकडा लागतो, हे बँकवाल्याला कोण शिकवणार! पण खडकाला तो ठाऊक नसतो. नव्या बोअरवर पंप चालवून आसपासच्या विहिरींची पातळी मोजली, तर कोण कुणाशी जोडलेलं आहे, ते बरंचसं कळतं. कर्जाचा शेवटचा हप्ता सोडण्यापूर्वी हे करता आलं असतं. आमच्या छापील फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता, आणि तो मागायचं मलाही सुचलं नाही.