भीती ‘विसरा’ म्हटल्याने विसरली जात नाही!

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. जे वाचले ते ‘बरे झाले’ अशी नोंद झाली आणि प्रकरण मिटले. परंतु अंगातले विष उतरले म्हणजे मनातली भीतीही उतरली काय, हा आमचा सवाल आहे.

मानसशास्त्र सांगते की, एकदा शिकलेली भीती सहसा पुसली जात नाही. घंटेपाठोपाठ विजेचा झटका बसतो हे शिकलेला प्राणी पुढे नुसत्या घंटेलाच घाबरतो. तीच घंटा झटक्याविना पुन्हा पुन्हा ऐकवली, तर ‘आता धोका नाही’ हा नवा धडा तो शिकतो. जुना धडा मात्र खाली दबून राहतो आणि ताण वाढला की उसळून वर येतो. कारण ताणाखाली मेंदूचा भीतीला आवर घालणारा भाग दुबळा पडतो. तारखा, तपशील यांची सरमिसळ होते. भीती मात्र ताजी राहते.

आता हे आपल्या शेतमजुराला लावून पाहा. औषधाच्या वासानेच ज्याची छाती धडधडते, त्याला धोका टळल्याचा अनुभव मिळतो कुठे? पुढच्या हंगामात पुन्हा पंप पाठीवर. हातमोजे नाहीत, चष्मा नाही, नाकाला फडके! त्यात कर्जाचा तगादा. मग भीती विझणार कशी? आणि अधिकाऱ्यापुढे जबाब देताना दिवस-वेळ चुकली म्हणून त्यालाच खोटा ठरवणे, हा तर दुसरा अन्याय होय.

शासनाने २०१५ साली शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. त्याचे स्वागतच आहे. परंतु ज्याच्या नावावर सात-बारा नाही, त्या दलित-आदिवासी भूमिहीनाच्या मनाचे काय? आणि उद्याची फवारणी तशीच राहणार असेल, तर समुपदेशकाच्या धीराला अर्थ काय?

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी ‘घाबरू नका’ असा नुसता उपदेश केला नाही. हजारोंना सोबत घेऊन ते चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्याच दिवशी आपल्या माणसांवर हल्ला झाला. तरी डिसेंबरात ती पुन्हा महाडला जमली. पिढ्यान्‌पिढ्यांची भीती मोडते ती अनुभवाने आणि सोबतीने.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. संरक्षक साधनांशिवाय कोणाच्याही पाठीवर पंप चढता कामा नये आणि समुपदेशन भूमिहीनाच्या वस्तीपर्यंत पोहोचले पाहिजे. त्याआधी त्याला ‘विसर’ म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.