‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

मल्टिपल स्क्लेरोसिस हा व्याधी आपल्या चिकित्सालयांत रोज दिसणारा नव्हे. वर्षाकाठी एखाद-दुसरा रुग्ण येतो, तोही निदान झालेला, एमआरआयच्या फिल्म्सचे जाडजूड पाकीट हाती घेऊन. अलीकडे त्या पाकिटाबरोबर एक प्रश्न हमखास येतो. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हा आजार होतो म्हणतात, मग ते भरून काढले की बरा होईल ना? आपल्यापैकी अनेक वैद्य या प्रश्नास होकार देतात, त्यास आतपसेवनाची जोड देतात आणि मोकळे होतात. आमचे मत वेगळे आहे. ते ग्रंथ वाचून बनलेले नाही. आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीतून बनलेले आहे. ती चूक पुढे सांगणारच आहोत.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, ‘ड’ जीवनसत्त्वाचा विचार निराधार नाही. मेंदू व सुषुम्ना यांतील तंतूंवरील मायलिन या आवरणावर शरीराचीच रोगप्रतिकार यंत्रणा उलटते, असे या व्याधीचे स्वरूप आहे. वीस ते चाळीस हे त्याचे वय. स्त्रियांत प्रमाण दुपटीहून अधिक. विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसा तो वाढत जातो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर लाखामागे सुमारे ४०० रुग्ण आढळले, तर आपल्याकडे मंगळूर येथील पाहणीत लाखामागे ८ च्या आसपास. या फरकामागे सूर्यप्रकाश व ‘ड’ जीवनसत्त्व असावे, हा तर्क गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्येच मांडला. पुढे २००६ मध्ये अमेरिकन सैनिकांच्या साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्याधी होण्यापूर्वीच ज्या गोऱ्या सैनिकांच्या रक्तात या जीवनसत्त्वाची पातळी सर्वांत वरच्या गटात होती, त्यांच्यात व्याधीचा धोका सर्वांत खालच्या गटाहून ६२ टक्क्यांनी कमी दिसला. कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक सैनिकांत मात्र असा संबंध आढळला नाही. आपल्या गव्हाळ व सावळ्या रुग्णांना हे अनुमान जसेच्या तसे लावणारांनी हे दुसरे वाक्यही वाचावे. २०१५ मध्ये जनुकीय पद्धतीने झालेल्या संशोधनातही जन्मतः ही पातळी कमी राखणाऱ्या जनुकांचा आणि या व्याधीचा संबंध दिसून आला.

तेव्हा कारणांच्या यादीत ‘ड’ जीवनसत्त्वाचे नाव आहे. परंतु यादीत ते एकटे नाही. मुंबईच्या पारशी समाजात या व्याधीचे प्रमाण भोवतालच्या लोकांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे १९८८ व १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवले. ऊन तेच, समुद्र तोच, व्याधीचे प्रमाण वेगळे. बीजदोषाचा विचार करणाऱ्या आपल्या शास्त्राला यात नवल वाटू नये. आणि २०२२ मध्ये अमेरिकन सैनिकांवरच झालेल्या अभ्यासाने तर एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर धोका सुमारे ३२ पटींनी वाढत असल्याचे सांगितले.

निदान परिवर्जन हे खरे. पण निदान टाळणे आणि जडलेला व्याधी हटविणे या दोन गोष्टी एक नव्हेत. ‘ड’ जीवनसत्त्व औषध म्हणून देऊन पाहण्याचे प्रयोग झाले आहेत आणि त्यांचे निकाल उत्साह आवरावयास लावणारे आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, नेहमीच्या औषधासोबत रोज ५,००० एकके घेणारे आणि ६०० एकके घेणारे यांच्यात व्याधीच्या उद्रेकांबाबत फरक पडला नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये व्याधीच्या पहिल्याच झटक्यानंतर रोज १०,००० एककांपर्यंत देऊनही लाभ दिसला नाही. याला अपवाद २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील चाचणीचा. तेथे नुकत्याच सुरू झालेल्या व्याधीत, दुसरे कोणतेही औषध सुरू नसताना, दर पंधरवड्यास १ लाख एकके दोन वर्षे दिली. व्याधीची सक्रियता ७४ टक्क्यांऐवजी ६० टक्के रुग्णांत आढळली. हा लाभ मुख्यतः एमआरआयवर दिसला. प्रत्यक्ष उद्रेकांच्या संख्येतील फरक निर्णायक नव्हता. आम्ही या निकालाची उपेक्षा करीत नाही. पण साठ टक्के रुग्णांत व्याधी चालूच राहिला, हेही त्याच निबंधात आहे. एवढ्या बळावर कोणी रुग्णास मूळ औषध सोडावयास सांगत असेल, तर ते साहस होय.

आता आतपसेवनाविषयी. चरकाचार्यांनी आतपाची गणना लंघनाच्या दहा प्रकारांत केली आहे आणि अग्निरहित स्वेदांतही केली आहे. म्हणजे आतप हा पोषणाचा सोपा मार्ग नसून बल पाहून योजावयाचा उपक्रम आहे. या व्याधीत तर त्याला आणखी एक अडचण आहे. शरीराचे तापमान किंचित वाढले तरी या रुग्णांची दृष्टी अंधुक होते, पायातील बळ जाते. ऊथॉफ या जर्मन वैद्याने १८९० मध्ये हे नोंदविले आणि पूर्वी निदानासाठी रुग्णास गरम पाण्याच्या टबात बसवीत असत. शरीर थंड झाल्यावर लक्षणे ओसरतात हे खरे, परंतु बाष्पस्वेदाच्या पेटीतून उठताना पाय न उचलल्याने रुग्ण पडला तर त्याला काय सांगणार? वातव्याधी म्हटले की स्नेहन-स्वेदन, ही आपली सवय येथे थांबवावी लागते. अभ्यंग करावा, स्वेदन करावयाचेच तर मृदू व एकांग असावे, आणि ऊन सकाळचे, थोडे, सोसेल एवढेच.

आता ती चूक. काही वर्षांपूर्वी एकतीस वर्षांच्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एक भगिनी आमच्याकडे आल्या. पाच वर्षांपूर्वी एका डोळ्याची दृष्टी अकस्मात गेली होती व परत आली होती. मग कमरेखाली बधिरता, मग निदान. न्यूरोलॉजिस्टच्या कॅप्सूल्स चालू होत्या. तक्रार होती मळमळ, अरुची, मलावष्टंभ, सतत तहान आणि रात्री वारंवार लघवीस उठणे. त्या कॅप्सूल्सनी पोट बिघडते हे आम्ही ऐकून होतो. नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, पित्तप्रकोप ठरविला आणि प्रवाळपंचामृत व गंधर्वहरीतकी लिहून दिली. पंधरा दिवसांनी त्या आल्या त्या अधिक क्षीण होऊन. सोबतच्या नणंदेने पिशवीतून रिकाम्या पुड्यांचा गठ्ठा काढून आमच्या टेबलावर ठेवला. प्रत्येक पुडी ६०,००० एककांची. आठवड्यास एक, आठ आठवडे, असे एका डॉक्टरांनी लिहिले होते. बाईंनी कोठेतरी वाचले की ब्राझीलमध्ये या व्याधीवर प्रचंड मात्रा देतात. दुकानात चिठ्ठी कोणी विचारली नाही. अडीच महिने त्या रोज एक पुडी दुधातून घेत होत्या, आणि मधल्या काळात कॅप्सूल्सही बंद केल्या होत्या.

रक्तातील कॅल्शियम १३ च्या वर निघाले, क्रिएटिनिन वाढलेले. त्याच दिवशी त्यांना रुग्णालयात पाठविले. वृक्क सावरले, त्यास दीड महिना लागला, कारण हे जीवनसत्त्व मेदात साठते आणि बंद केल्यावरही कित्येक आठवडे आपले काम करीतच राहते. कॅप्सूल्स पुन्हा सुरू झाल्या. आमच्या हातून झाले ते असे की, ज्या शरीरात कॅल्शियम ओसंडून वाहत होते त्यात आम्ही पंधरा दिवस प्रवाळ, शंख, शुक्ती आणि कपर्दिक यांची भर घातली. प्रवाळपंचामृत म्हणजे दुसरे काय? मात्रा लहान असते, हे समाधान आम्ही स्वतःला करून पाहिले. ते टिकले नाही. आम्ही एक साधा प्रश्न विचारला नव्हता: या औषधांखेरीज आणखी काय घेता?

तेव्हापासून आमच्या केसपेपरवर त्या प्रश्नासाठी स्वतंत्र ओळ छापलेली आहे. या व्याधीचा रुग्ण आला की २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डीची तपासणी करवितो. कमतरता असल्यास, आणि आपल्याकडे ती पुष्कळदा असते, ती न्यूरोलॉजिस्टला कळवून भरून काढावयास सांगतो. कारण अस्थि व मांस यांचे रक्षण हेही मोठेच काम आहे, विशेषतः ज्यांना वारंवार स्टिरॉइड्स घ्यावी लागतात त्यांच्यासाठी. ‘ड’ची मोठी मात्रा चालू असेतोवर प्रवाळ, मुक्ता, शंख, गोदंती, कुक्कुटाण्डत्वक् यांची भस्मे व पिष्टी देत नाही, द्यावी लागलीच तर कॅल्शियम पाहून देतो. आम्ही देतो ते अग्नी, निद्रा, मलप्रवृत्ती आणि थकवा यांसाठी. मूळ औषध सोडा असे कधीही सांगत नाही.

औषधविक्रेते बंधूंशी थोडे बोलावयाचे आहे. ६०,००० एककांची पुडी म्हणजे अवघे दीड मिलिग्रॅम द्रव्य. चव गोड, रंग आकर्षक, किंमत किरकोळ; त्यामुळे ती देताना हात अडखळत नाही. प्रौढांसाठी रोजची सुरक्षित कमाल मर्यादा ४,००० एकके मानली जाते. रोज एक पुडी म्हणजे तिच्या पंधरा पट. चिठ्ठी मागावी हे तर आलेच. पण पुडी देताना ‘आठवड्यातून एकदाच’ हे शब्द मोठ्याने उच्चारावेत आणि वेष्टनावर पेनने लिहावेत. एकाच गिऱ्हाईकाने महिन्यात दहाव्यांदा पुडी मागितली तर त्यास परत डॉक्टरांकडे धाडावे. आणि त्याच गिऱ्हाईकाच्या हाती आमची प्रवाळपिष्टीची चिठ्ठी असेल, तर आम्हाला दूरध्वनी करावा. वेळ कोणतीही असो, आम्ही रागावणार नाही.